बॅटरी हाड

१

पायस सरांना माती देऊन तीन दिवस झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची लेक डेलिशा जामसंड्याला गुरुदासच्या दुकानात शिरली आणि बोल नाही की चाल नाही, हातातली पिशवी तिनं टेबलावर आदळली. पिशवीत गाडीची बॅटरी होती. दहा किलोंचं ते धूड बाईनं रिक्षातून मांडीवर घेऊन आणलं होतं.

"वळाखतंस?"

गुरुदासनं ओळखली. न ओळखून सांगतो कुणाला? तीन आठवड्यांपूर्वी सरांच्या पांढऱ्या गाडीत त्यानंच ती बसवली होती. वरच्या पट्टीवर त्याच्याच अक्षरातली तारीख होती.

"हिणाच माझ्या पप्पांचो जीव घेतलो," डेलिशा म्हणाली. लग्न होऊन ती म्हापशाला गेली होती, पण चिडली की बोली इथलीच यायची. "दोन म्हयने गाडी उभ्या उभ्या मरता. जुनी बॅटरी गेली म्हणालंस, नवीन दिलंस. नवीन पण तशीच. पप्पांच्या छातीत कळ इली तेव्हा गाडी मेलेली. शेवटाक काय म्हणाले म्हायत आसा तुका?"

गुरुदासला माहीत होतं. बॅटरी आण म्हणत सर गेले, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

"'बॅटरी हाड, बॅटरी हाड.' मरताना माणूस देवाचा नाव घेता. माझ्या बापसाक तुझ्या बॅटरीचा नाव घेवचा लागला." तिचा आवाज फुटला. मग तिनं तो आवरला. "महिन्याच्या मिसाक, चर्चातली प्रार्थना झाली काय, सगळी माणसा घराकडे जमतली. तेंच्यासमोर येवन सांग, बॅटरी नासकी होती म्हणान. नायतर नासकी नव्हती तां दाखव. दोनातला एक."

ती गेली. दुकानाबाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातलं एक हळूच स्कूटर ढकलत पुढे निघून गेलं.

गुरुदास हा गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. बिघाड शोधायचा, वायर धरून मागे मागे जायचं, मूळ सापडेपर्यंत सोडायचं नाही. आणि हे करायचं बळ त्याला दिलं ते पायस सरांनीच. दहावीत गणितात दोनदा आपटी खाल्ली तेव्हा बाप शाळा सोडवायला आला होता. सरांनी बापाला दारातच थांबवलं. म्हणाले, "तुझो झिल रेडिओ खोलून परत जोडता. ता गणितच आसा. तेका माझ्याकडे धाड." तिसऱ्या वेळी तो पास झाला. त्या माणसाचा जीव आपल्या हातून गेला असेल, तर या हातांचं करायचं काय? गिऱ्हाईक गेलं तर गेलं, पण हे त्याला कळल्यावाचून राहवणार नव्हतं.

त्यानं बॅटरी चार्जला लावली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर भार टाकून बघितला. काटा हिरव्यावर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

बॅटरी खणखणीत होती. म्हणजे गाडीतलंच काहीतरी तिला पीत होतं.

२

सरांचं घर समुद्राकडच्या वाडीत. ओसरीवर अजून तो काळा फळा होता. निवृत्तीनंतरही सर वाडीतल्या मुलांना गणित शिकवायचे. सोमवारी सकाळी गुरुदास पोचला तेव्हा अँजेलिना बाय, म्हणजे सरांची बायको, खुंटीवरच्या शर्टाकडे बघत बसल्या होत्या. शर्टाचा खिसा नेहमीसारखा पांढरा होता.

"ये रे गुरु. डेलिशा रागान बोलली काय तुका?"

"बोलानात. तेंचो अधिकार आसा. बाय, त्या बुधवारी काय झाला ता माका परत सांगा. मी इलंय तो नंतर."

बाय त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. खिडकीला लागून खाट. खाटेच्या उशाशी स्टूल, स्टुलावर जपमाळ, चष्मा आणि मनगटाएवढी जाड पितळी टॉर्च. खिडकीच्या कट्ट्यावर तीन मोठे सेल खाऱ्या वाऱ्यानं पांढरे होऊन पडले होते. खिडकीतून बाहेर बघितलं की माडाच्या झावळ्यांचं छप्पर आणि त्याखाली गाडी, समोरच.

"सकाळीच गाडी बघितल्यानी, तर बंद. बुधवारचो पाच वाजताचो चर्चातलो नोवेन, म्हणान रिक्षा चारची सांगलली. जेवलो. ते आडवे झाले. अडीच वाजता हाक मारल्यानी. बघतंय तर घामान भिजलेले. 'अँजू, बॅटरी हाड.' मी म्हटलंय, आता कित्या बॅटरी? तर हात असो केल्यानी." बायनी हात उशावरून खिडकीकडे नेला. "थयसर गाडी. हात तसोच गळून पडलो. परत म्हणाले, 'बॅटरी हाड गो, बेगीन, लवकर.' मी एकशे आठाक फोन केलंय, ती गाडी लांब होती. रिक्षावालो निजलेलो, फोन उचलणा नाय. मगे तुका लावलंय."

तो फोन गुरुदासच्या कानात अजून वाजत होता. 'गुरु, सर सांगतत बॅटरी हाड, जीव जाता रे तेंचो.' मिळेल ती भरलेली बॅटरी आणि केबल घेऊन तो स्कूटरवरून सुटला होता. वीस मिनिटांत पोचला, पाच मिनिटांत गाडी सुरू केली. सर तोपर्यंत खाटेवर भिंतीला टेकून, हात गळून, एकाच दिशेला बघत होते. गुरुदासनंच गाडी चालवली, पण दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर त्यांची मान कलंडली.

"सगळे म्हणतत, गाडी चालू असती तर वाचले असते," बाय म्हणाल्या. "माका एकच समाधान आसा गुरु. तेंनी शेवटाक जा मागल्यानी ता मी हाडून दिलंय. तू हाडलंस, पण बोलवलंय मी. पंचेचाळीस वर्सा झाली लग्नाक, आणि शेवटचा काम मी तेंचा ऐकलंय. तेवढ्यावरच मी रातीक डोळे मिटतंय बघ."

गुरुदासनं भिंतीकडे नजर वळवली. तिथे कॅलेंडर होतं आणि त्यावर निळ्या फुल्या.

"ह्यो कसल्यो फुल्यो?"

"गाडी बंद पडली काय मी मारी होतंय. डेलिशाक सांगूक, आता दुसरी गाडी घ्या म्हणान."

त्यानं मागची पानं उलटून मोजल्या. दोन महिन्यांत आठ. वरून खाली एकाच रांगेत, जणू पट्टी लावून मारल्यासारख्या. सगळ्या बुधवारी. मधल्या एका बुधवारी फुली नव्हती, तिथे बायच्या अक्षरात फक्त 'ढोपर' लिहिलं होतं.

"त्या दिवशी गाडी चालू झाली," बाय म्हणाल्या. "पण तेंचा ढोपर दुखाक लागला. रिक्षानच गेलो."

गुरुदासला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दर वेळी फोन गुरुवारी नाहीतर शुक्रवारी यायचा. तो यायचा, चार्ज करून द्यायचा, जायचा. वार बघायचं सुचलंच नाही. गाडीतला बिघाड कॅलेंडर बघून येत नसतो. वार बघून येतो तो माणूस.

निघताना बायनी स्टुलावरची टॉर्च त्याच्या हातात दिली. "हीसुद्धा पेटणा नाय. सवड गावली तर बघ. लाइट गेली काय धडपडाक होता." ती त्यानं पिशवीत टाकली आणि गाडीकडे गेला.

तिथे रॉकी आधीच उभा होता, हाताची घडी घालून.

३

रॉकी हा बायच्या भावाचा मुलगा. तिशीतला, धिप्पाड, तीन वर्षांपासून इथेच राहायचा. मालवणला येणाऱ्या पर्यटकांसाठी तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. ही गाडी त्यानं धंद्याला मागितली होती आणि सरांनी दिली नव्हती, हे वाडीला ठाऊक होतं. डेलिशाचा दुसरा संशय त्याच्यावर होता, तो काही उगीच नव्हे.

"माझ्यार घालतास काय सगळा?" रॉकी गुरकावला.

"आधी गाडयेक विचारतंय. मगे तुका."

बॅटरी गुरुदासनं बरोबर आणली होती. ती जागेवर ठेवली, एक वायर मोकळी सोडली आणि मधे मीटर जोडला. दारं लावली, डिकी लावली, किल्ली काढून घेतली. मग अर्धा तास नुसता बसून राहिला. गाडी बंद केल्या केल्या आकडा बघायचा नसतो. आतली यंत्रं निजायला वेळ घेतात, त्याआधी बघितलं तर माणूस फसतो.

अर्ध्या तासानं आकडा वीसवर स्थिरावला. वीस मिलिअँपिअर म्हणजे घड्याळ आणि टेपच्या आठवणीपुरता घोट. एवढ्यावर गाडी महिनाभर उभी राहिली तरी सुरू झाली असती. एकेक फ्यूज काढून बघितला, काही नाही. गाडी निर्दोष, बॅटरी निर्दोष.

"आता तुका विचारतंय," गुरुदास म्हणाला. "गाडयेत बसून गाणी आयकत होतंस?"

"आयकत होतंय. शनवारी. अर्धो तास. जीव देव काय खोटा वाटत असला तर?" रॉकीचे डोळे भरून आले. "अंकल माका गाडी देय नव्हते, पण घर दिल्यानी. मी तेंच्या वायटावर कित्या जाव? त्या दिवशी मी आंबोलीक होतंय पर्यटक घेवन. हयसर असतंय तर पाठीर घालून धावतंय."

गुरुदासनं डिकी उघडली. वरच्या कोपऱ्यात डिकीचा छोटा दिवा पेटला. ह्या दिव्याला दहा वर्षांत कोण विचारतो? सामान काढायचं, झाकण लावायचं, दिवा बंद. दहा वर्षांत सगळे मिळून दहा तास पेटत नसेल. आणि ह्या दिव्याची प्लॅस्टिकची झाकणी तपकिरी पडून एका बाजूनं वितळल्यासारखी वाकली होती. हा दिवा तासन् तास जळला होता, आणि एकदा नव्हे.

तो खाली वाकला. कुलपाच्या खाचेत पांढरी भुकटी होती. किनाऱ्यावरच्या गाडीत पांढरं दिसलं की माणूस म्हणतो खार. त्यानंही तेच म्हटलं असतं. सवयीनं बोटावर घेऊन त्यानं ती चोळली. खार बोटाला ओला लागतो, हे कोरडं होतं. त्यानं वास घेतला, आणि एकदम शाळेतला तिसरा बाक, उन्हाची तिरीप, फळ्यावरचं समीकरण हे सगळं त्याच्यासमोर आलं.

खडू.

खाचेत खडूचा तुकडा ठेवायचा, झाकण अलगद टेकवायचं. बाहेरून बंद दिसतं, पण कुलूप लागत नाही आणि आतला दिवा पेटलेलाच राहतो. त्याला ते वळण आठवलं. त्या बुधवारी डिकी खडखडत होती म्हणून गाडी क्षणभर थांबवून त्यानंच झाकण आपटून लावलं होतं. खडूचा चुरा त्याच्याच हातानं झाला होता.

"रॉकी, ही डिकी कोण उघडता?"

"मीच. मासळीची पेटी काढूक. पण सोमवारी माका हात लावूक देय नव्हते. 'सोमवारपासून डिकीक हात लावू नको.' एकदा मी मंगळवारी सांजेक बघलंय, झाकण नीट लागाक नव्हता. लावून टाकलंय. दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली, आणि माका शाबासकी देवची सोडून माझ्यारच कावले. मगे तेंचा ढोपर दुखाक लागला."

"कोण देय नव्हते हात लावूक? कोण कावले?"

रॉकीनं त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "कोण म्हणजे? अंकल."

४

गुरुदासनं त्या संध्याकाळी तीच बॅटरी पूर्ण भरली, तिला डिकीचा तसलाच दहा वॅटचा दिवा जोडला आणि टेबलाखाली ठेवून दिला. बुधवारी सकाळी बघितलं तर दिवा काजव्याएवढा उरला होता. त्यानं बॅटरी एका गाडीला लावून किल्ली फिरवली. टक् आवाज झाला आणि पुढे काही नाही.

हिशेब सरळ होता. दिवा तासाला सरासरी पाऊण अँपिअर खातो. सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ, छत्तीस तासांचे सत्तावीस. बॅटरी पस्तिसाची, तिच्यातून सत्तावीस गेले, उरले आठ. आठावर गाडी सुरू होत नाही. मंगळवारी संध्याकाळी दिवा ठेवला असता तर जेमतेम नऊ-दहा गेले असते आणि गाडी झक्कत सुरू झाली असती. ज्यानं हे केलं त्यानं आधी गणित मांडलं होतं. वाडीत असं गणित मांडणारा एकच माणूस होता, आणि खिशात खडू बाळगणाराही तोच.

म्हणजे सरांनी स्वतःची गाडी स्वतःच मारली. एकदा नव्हे, आठदा. गुरुदासला खुशाल नवी बॅटरी बसवू दिली. पण का? एकटे असले की ते तीच गाडी घेऊन बाजारात जायचे, आणि तेव्हा ती सुरू व्हायची. बंद पडायची ती फक्त बुधवारी, बाय शेजारी बसायच्या त्या दिवशी. बायला गाडीत का घ्यायचं नव्हतं त्यांना?

गुरुदासनं डोकं खाजवलं, बॅटरीचे स्क्रू घट्ट केले, सैल केले. दुकानामागेच त्याचं घर. आतून विनीतानं, त्याच्या बायकोनं, हाक मारली.

"आयकलात काय! बॅटरी हाडा जरा!"

तो उठला. दोन्ही हातांनी ते धूड उचलून माजघरात गेला आणि तिच्यासमोर ठेवलं.

विनीता गुडघ्यांवर बसून पिंपामागे वाकून बघत होती. तिनं वळून बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटली. "अरे देवा! ह्या काय हाडलास? ह्याका पिंपाखाली घालू? बॅटरी, बॅटरी! पेटता ती! किसणी पडली थंय काळोखात, बघूक नको?"

गुरुदास हसला नाही. तो तसाच उभा राहिला. विनीताचं हसू हळूहळू विरलं.

टॉर्च म्हणतो कोण? शहरातला माणूस म्हणतो, दुकानातलं खोकं म्हणतं. आपल्याकडे जन्मापासून ती बॅटरीच. आजोबांची बॅटरी, तीन सेलांची बॅटरी, उशाशी ठेवायची बॅटरी. पण ज्या घरात दोन महिने उठता-बसता गाडीच्या बॅटरीची रड चालली होती, त्या घरात भरदुपारी कुणी 'बॅटरी हाड' म्हटलं, तर बायको कुठली बॅटरी समजेल? आणि ती फोन करेल त्या माणसाचा तर धंदाच बॅटरीचा. तो कुठली घेऊन धावेल?

"काय झाला हो?" विनीता घाबरून म्हणाली. "बसा बघू. पाणी देव?"

तो दुकानात गेला आणि पिशवीतली सरांची पितळी बॅटरी काढली. हातात घेताच कळलं, ती हलकी होती. सेल असलेली एवढी हलकी नसते. तीन सेल तर खिडकीत पडले होते, त्यानंच बघितले होते! त्यानं ती हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

त्यानं मागचं झाकण फिरवून काढलं. आतून गोळ्यांची पाकिटं बाहेर आली, जिभेखाली धरायच्या त्या बारक्या गोळ्यांची. एक पाकीट अर्धं वापरलेलं. त्याभोवती कागदाची सुरळी होती. त्यानं ती उलगडली. कोल्हापूरच्या एका हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, नऊ आठवड्यांपूर्वीची. पेन्शनच्या कामाला जातो सांगून सर फोंडाघाट चढून गेले होते, तोच तो आठवडा. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'गाडी चालवणे पूर्ण बंद. छातीत दुखल्यास लगेच एक गोळी जिभेखाली. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन यावे.'

विनीतानं त्याच्या खांद्यावरून ते वाचलं आणि खाली बसली.

सरांनी घरच्यांना नेलं नाही. डेलिशानं मागेच बजावून ठेवलं होतं, दोघांपैकी कुणी आजारी पडलं तर घराला कुलूप लावून म्हापशाच्या फ्लॅटवर नेईन. सरांना हे घर सुटायला नको होतं. म्हणून त्यांनी गोळ्या लपवल्या, जिथे खारी हवा लागत नाही आणि कुणी हात घालत नाही तिथे. एकटे असताना गाडी चालवायचा धोका त्यांनी पत्करला, तो वेडेपणाच. पण बायला शेजारी बसवून चालवायची त्यांची छाती झाली नाही. आणि का नाही चालवत, हे सांगायचीही झाली नाही. म्हणून मग खडू, डिकी, ते बुधवार, आणि शेवटच्या घटकेलाही 'गोळी' न म्हणता 'बॅटरी'.

"म्हणजे ती गोळी..." विनीता म्हणाली.

"उशाशी होती. हातभर लांब." गुरुदासचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "ते स्टुलाकडे हात करत होते गो. बायनी पलीकडे गाडी बघितली. पंचवीस मिनटा ते थंयच बघत बसले. मी इलंय, माका पण सांगतत, 'बॅटरी, गुरु, बॅटरी.' मी म्हणतंय, 'हाडलंय सर, ही बघा हाडलंय.'"

तो भिंतीला टेकून रडला, अगदी हुंदके देऊन. विनीतानं त्याला रडू दिलं.

संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "आता तुमचा नाव सुटला. बॅटरी तुमची नासकी नव्हती. चिठ्ठी दाखवलात काय झाला. डेलिशा पाय धरतली तुमचे."

गुरुदासनं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मिसाला अजून तीन आठवडे होते.

५

महिन्याच्या मिसाला इगर्ज, म्हणजे चर्च, भरली होती. नंतर माणसं सरांच्या ओसरीवर जमली. जुने विद्यार्थी, वाडीतले कोळी, म्हापशाचे पाहुणे. फळ्यावर कुणीतरी सरांचा फोटो टेकवून ठेवला होता. पेज आणि भाजी झाली, आणि डेलिशा उभी राहिली.

"गुरुदास इलो आसा," ती म्हणाली. "तेका काय सांगाचा आसा."

सगळ्या माना वळल्या. ह्या महिन्याभरात दुकान निम्मं ओस पडलं होतं, आणि ते पाडणाऱ्यांतले बरेच जण इथेच बसले होते. विनीता दाराशी उभी होती. रॉकी खांबाला टेकून त्याच्याकडे टक लावून बघत होता. खडूचं पूर्ण नसलं तरी अर्धं त्याला कळलं होतं.

गुरुदासच्या वरच्या खिशात ती चिठ्ठी होती. बोलायचं त्यानं तीनदा घोकून ठेवलं होतं. बुधवार, ढोपर, दिव्याची झाकणी, खडू, पस्तीस उणे सत्तावीस. एकेक पायरी सरांनीच शिकवल्यासारखी, उत्तराखाली दोन रेघा मारून. दहा मिनिटांत त्याचं नाव धुऊन निघालं असतं.

पण शेवटची पायरी बायच्या कपाळावर येत होती.

तो समोर बघत होता. बाय खुर्चीत बसल्या होत्या. काळा पोशाख, मांडीवर जपमाळ, चेहरा शांत. महिनाभरात त्या वाळल्या होत्या, पण झोपत होत्या. कशावर झोपत होत्या, ते त्याला त्यांनीच सांगितलं होतं.

"बॅटरी नासकी होती," गुरुदास म्हणाला.

ओसरीवरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं.

"माल इलो तेव्हाच नासको होतो. मी तपासूक नाय. तीनदा तुमी बोलवलात, तरी मी नुसती चार्ज करून दिलंय. चूक माझी आसा. सरांचो मी विद्यार्थी, आणि तेंच्याच कामात कुचराई केलंय. माका माफ करूक सांगणा नाय मी."

डेलिशानं ओठ घट्ट मिटले. तिनं महिनाभर ह्याच शब्दांची वाट बघितली होती, आणि आता ते ऐकून तिला काय करावं कळेना. ती खाली बसली आणि रडायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "थू तुझ्या जिण्यार." रॉकी दोन पावलं पुढे आला. "गुरुदादा, तुमी तर त्या दिवशी मीटर..."

"रॉकी," गुरुदास म्हणाला. "बस तू."

रॉकी बसला. विनीतानं दाराची चौकट धरली होती. तिनं मान खाली घातली.

माणसं पांगायला लागली. त्याच्याकडे न बघता जात होती. गुरुदासनं पिशवीतून ती पितळी बॅटरी काढली आणि बायच्या खुर्चीपाशी जाऊन बसला. घासूनपुसून तिला सोन्यासारखी केली होती. आत तीन नवे सेल.

"ही तुमची, बाय. पेटता आता."

बायनी बटण दाबलं. भरदुपारच्या ओसरीवर फिका पिवळा गोल उमटला, सरांच्या फोटोवर. त्यांनी ती हातात फिरवून बघितली.

"आत काय झाला होता रे हिका?"

"गंज होतो बाय. काढलंय."

दूर कुणाची तरी गाडी सुरू झाली. बायनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. महिनाभरात त्याच्या अंगाला दुसऱ्या कुणी प्रेमानं हात लावला नव्हता.

"नासकी तर नासकी," त्या हळूच म्हणाल्या. "लोका काय बोलतली ती बोलानात. तू बेगीन इलंस ना? तेंनी बॅटरी हाड म्हटल्यानी, आणि मी तेंका हाडून दिलंय ना रे?"

त्यांच्या हातातली बॅटरी अजून पेटलेलीच होती. गुरुदासनं बोट पुढे करून तिचं बटण बंद केलं.

"होय बाय," तो म्हणाला. "तुमीच हाडून दिल्यात."